फ्यूज पाहिला

३ जुलै

मामास नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मी तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा मामीनेच उचलला. तिसऱ्यांदा म्हणाली, "अगं, ते हल्ली फोनवर येत नाहीत. काय असेल ते पत्रात लिही. पत्र मात्र दोन-दोनदा वाचतात." म्हणून लिहिते आहे.

मला गाणी ऐकायचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आहे. नवा परवडणार नाही, आणि जुन्यातलं मला काही कळत नाही. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हे आई भाजीवाल्यालाही सांगून आली आहे. पण त्या पदवीत नळाचं पाणी पिण्यालायक आहे की नाही एवढंच शिकवलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागून मला आता आठ महिने झाले. त्यातून आठ हजार बाजूला पडले आहेत. त्याच्या वर एक पैसाही नाही.

अ‍ॅम्प्लिफायर बाबांसाठी आहे. ऑगस्टच्या शेवटी ते निवृत्त होतात. अठरा वर्षं त्यांनी त्या सात मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवली. मोटरचा आवाज जरा बदलला तरी मेकॅनिकच्या आधी त्यांना कळतं. "चौथ्या मजल्याशी घासतंय," म्हणतात, आणि तिथेच घासत असतं. असा माणूस एक सप्टेंबरपासून दिवसभर घरात काय करणार, याची मला धास्ती वाटते. रविवारी ते खुर्चीत बसतात आणि नुसते बसतात. शेजाऱ्यांकडे गाणं लागलं की हातातलं काम थांबवून ऐकतात, आणि आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटलं की पुन्हा कामाला लागतात.

तुमच्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात असताना त्यांनी केलेले लाकडी डब्यांचे दोन स्पीकर अजून कपाटावर आहेत. आई त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. म्हणजे फक्त मधला अ‍ॅम्प्लिफायर हवा.

तुमचं आणि बाबांचं काय बिनसलं ते मला माहीत नाही. मी पाच वर्षांची होते. विचारलं की आई म्हणते, "मोठ्यांचं आहे ते." मीही आता मोठी झाले, पण तिच्या लेखी अजून झालेली दिसत नाही. तुम्हाला हे काम नको असेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. बाबांना यातलं काहीही माहीत नाही.

तुमची भाची

•

९ जुलै

टिपणबाईंना आशीर्वाद.

हे 'तुम्ही' कुठून आलं? मामाला अहोजाहो करायला मी काय तुझ्या प्रयोगशाळेचा साहेब आहे? दुकानात माझ्या टेबलाखाली बसून रंगीत तारांचे तुकडे गोळा करायचीस, आणि कुठला तुकडा कुठे सापडला त्याच्या पाटीवर रेघा ओढायचीस. तेव्हापासून तू टिपणबाई. पुन्हा 'तुम्ही' लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

आता कामाचं. आधी कपाटावर चढ आणि स्पीकरच्या मागे आठचा आकडा आहे की चारचा ते बघ. आठ असेल तर कुठलाही बरा सेट त्यांना सुखाने चालवेल. चार असेल तर सेटला जास्त ओढ बसते, मग जपून निवडावं लागेल. मला आठवतं त्याप्रमाणे आठच आहे. ते डबे दाजींनी माझ्यासमोर केले. रंधा मारल्यावर हात फिरवून बघायचे, डोळे मिटून.

पुढच्या पट्टीवर किती वॅट लिहिलेत तिकडे बघूच नकोस. तिथे वाटेल ते लिहितात. तुमच्या खोलीला खरे पंचवीस वॅट पुरून उरतील. सेट उचलून बघ. आत चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर कंबर सांगते. मोठा आणि हलका सेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

मग झाकणाचे स्क्रू. त्यांची डोकी कुरतडल्यासारखी झाली असतील तर आत कोणीतरी हौशी माणूस जाऊन आला असं समज. जाळीला नाक लाव. जळका वास एकदा बसला की वर्षानुवर्षं जात नाही, आणि विकणारा तेवढाच पुसायला विसरतो.

चालू करताना आवाज शून्यावर ठेव. बऱ्याच सेटमध्ये चार-पाच सेकंदांनी आत 'टक्' होतं; ते शुभ. गाणं न लावता आवाज हळूहळू वाढव. बारीक सरसर चालेल. घूं असा आवाज चालणार नाही. बटण फिरवताना खरखरलं तर घाबरू नकोस, ती धूळ असते. विकणाऱ्याला मात्र तोंड वाकडं करून दाखव, किंमत उतरते. मग तुला तोंडपाठ असलेलं गाणं लाव आणि अर्धा तास हलू नकोस. अर्ध्या तासाने झाकणावर तळहात ठेव. चहाच्या कपाइतकं गरम ठीक, तव्यासारखं नको.

चाचणीला त्यांचे स्पीकर वापर, दाजींचे नेऊ नकोस.

तू लिहितेस ते खरं आहे ना? ते डबे अजून ठेवलेत?

तुझा मामा

•

१८ जुलै

प्रिय मामा,

तू म्हणालास म्हणून 'तू'. पहिल्यांदा लिहिताना हात अडला, आता जमतंय.

आकडा आठच आहे. कपाटावर चढले तेव्हा आई म्हणाली, "पगार मिळायला लागला म्हणून छताला डोकं लावतेस का?" आणि हो, डबे खरंच आहेत. मागच्या वर्षी भंगारवाला आला होता. आईने नुसता हात वर केला तर बाबा म्हणाले, "ते राहू देत." एवढंच.

दोन सेट पाहिले. पहिला काचेच्या दुकानात होता. पुढे चारशे वॅट लिहिलेले आणि निळे दिवे असे की प्रयोगशाळेतलं निम्मं सामान त्यापुढे फिकं पडावं. मी एका हाताने उचलला. माझ्या डब्याची पिशवी याहून थोडीच हलकी असेल. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हल्ली सगळं हलकंच येतं." मी म्हटलं, "किंमत सोडून." तो हसला, पण एक पैसा उतरला नाही.

दुसरा भूगोलाच्या निवृत्त मास्तरांच्या घरी. सेट जड, स्क्रू शाबूत, वास नाही, 'टक्' झालं. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग गाणं न लावता आवाज वाढवला आणि घूं. मास्तर म्हणाले, "तो रस्त्याचा आवाज आहे." मी खिडकी लावली. मग म्हणाले पंख्याचा आहे. पंखा बंद केला. तेव्हा म्हणाले, "मुली, तुझे कान जरा जास्तच चांगले आहेत." सहा हजार सांगतात. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे का?

आज मन थाऱ्यावर नाही. साहेबांनी मला एका नमुन्याच्या अहवालावर सही करायला सांगितली. तो नमुना मी तपासलेला नव्हता. ज्यांनी तपासला ते रजेवर गेले. मी सही केली नाही. साहेब म्हणाले, "नवीन आहेस, शिकशील." पण यात शिकण्यासारखं काय आहे? ज्याची सही, त्याची जबाबदारी. पुढे कोणी आजारी पडलं तर ज्याचं नाव खाली आहे त्यानेच उत्तर दिलं पाहिजे. मला तरी यात दुसरी बाजू दिसत नाही. तुला दिसते का?

तुझी टिपणबाई

•

२४ जुलै

टिपणबाई,

मास्तरांचा सेट सोड. तो आवाज म्हणजे आतले दोन मोठे कॅपॅसिटर, वीज साठवणारे उंच डबे, वाळलेत. बदलता येतात, पण खर्च तुझ्या हिशोबात बसणार नाही, आणि आता नीट हाताचा माणूस मिळणंही कठीण.

चांगला सेट मिळाला तर झाकण उघडून बघ. आधी प्लग काढ, आणि काढल्यावरही आत बोट घालू नकोस. उंच डब्यांत वीज थोडा वेळ दबा धरून असते. नुसतं बघ. त्या डब्यांची टोपणं सपाट हवीत, फुगलेली नकोत. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बघ. जुने कारागीर तिथे पेन्सिलीने निशाणी आणि तारीख घालायचे. आमच्या दुकानात नियमच होता, जो झाकण लावेल त्याने निशाणी करायची. माझी गोल आणि मध्ये ठिपका. दाजींच्या दोन उभ्या रेघा. निशाणी असलेला सेट डोळे झाकून घ्यावा असं नाही, पण ज्याने केली तो लपत नव्हता.

सहीचं म्हणशील तर, सही एकाची असते, हात बरेच लागलेले असतात. एवढंच लिहितो. तू केलंस ते बरोबर केलंस.

इकडे मुलाच्या घरी ठीक आहे. खिडकीशी टेबल आहे. काम काही नाही.

मामा

•

३ ऑगस्ट

प्रिय मामा,

बस. खुर्चीत नीट बस आणि मग वाच.

तिसरा सेट मिळाला. बाजारामागे जुन्या सामानाचं दुकान आहे, एक बाई चालवतात. फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्या मधे तो दबून बसला होता. काळा, साधा, एकही निळा दिवा नाही. दोन हातांनी उचलला तरी कंबर बोलली. तू लिहिलेलं सगळं केलं. बाई गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघत बसल्या. मी जाळीला नाक लावलं तेव्हा म्हणाल्या, "विकत घ्यायचा आहे की खायचा आहे?" अर्धा तास गाणं लावलं. मग तळहात ठेवला. चहाचा कप.

झाकण उघडलं. टोपणं सपाट. आणि झाकणाच्या आत, मामा, गोल आणि मध्ये ठिपका.

मी तिथेच फरशीवर बसले. तारीख बाबांनी दुकान सोडल्यानंतर चार वर्षांची आहे. खाली तुझ्याच अक्षरात लिहिलंय, 'फ्यूज पाहिला.' आणि ते शब्द दोन आडव्या रेघांनी अधोरेखित केलेत. बाई म्हणाल्या, "हा गोलवाला ना? त्याचे बरेच सेट माझ्या हातून गेले. सगळ्यांत हे असतं. माणूस काही फक्त फ्यूजच बघत नसेल, पण लिहितो एवढंच." साडेसात हजारांत घेतला. सध्या प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात आहे.

आता चूक सांगते. मला राहवलं नाही. जेवताना सहज विचारल्यासारखं बाबांना विचारलं, "तुमच्या दुकानात झाकणात फ्यूजबद्दल काही लिहायचे का?" बाबांचा घास हातात राहिला. म्हणाले, "नाही. फक्त निशाणी." मग, "कुठे पाहिलंस?" मग, "तारीख काय होती?" मी सांगितली, आणि गोलाची निशाणी असलेल्या सगळ्याच सेटमध्ये ते असतं हेही. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, उठले, गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत येऊन उरलेलं जेवले. जाताना म्हणाले, "झाकण उघडून बघायला तुला कोणी शिकवलं?" मी ताटं गोळा करायला घेतली. मला वाटलं, रागावले.

ते झोपल्यावर आईला खोदून विचारलं, आणि आज पहिल्यांदा तिने सांगितलं. एका गिऱ्हाइकाच्या घरी सेट पेटला होता. पडदा जळला, भिंत काळी झाली, त्यांच्या म्हातारीचा हात भाजला. सेटमध्ये फ्यूजच्या जागी जाड तार होती. जास्त वीज आली की फ्यूजने आधी जळावं आणि सेट वाचवावा; तार जळत नाही, म्हणून सेटच जळाला. तपासताना लावलेली तार काढायची राहून गेली होती, आणि झाकणात निशाणी बाबांची. बाबा त्या दिवशी घरी आले, हत्यारांची पिशवी आईच्या हातात दिली आणि पुन्हा कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. आई म्हणाली, "दादा त्यांना एका शब्दानेही बोलला नाही. गिऱ्हाइकाचं नुकसानही त्यानेच भरून दिलं."

मामा, मी इतकी वर्षं उगाच समजत होते की तुम्ही भांडलात. तू एवढं सोसलंस आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. आणि त्यानंतर बाबांची चूक पुन्हा कोणाच्या हातून होऊ नये म्हणून प्रत्येक झाकणात लिहीत राहिलास. एवढं मोठं मन मला कधी जमेल असं वाटत नाही. मी तर नियम सांगत सुटते. ज्याची सही त्याची जबाबदारी, असं तुलाच ऐकवलं, आणि तुझ्याच मनात बाबांसाठी किती जागा होती.

आता सांग, सेट घरी केव्हा नेऊ? बाबांना तो नकोसा होईल का?

तुझी टिपणबाई

•

२५ ऑगस्ट

प्रिय मामा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? मामीला फोन केला तर म्हणाली, "बरे आहेत. कागद समोर घेऊन बसतात, एवढंच."

सेट अजून प्रयोगशाळेतच आहे. साहेबांनी कपाट उघडलं आणि विचारलं, "हे कुठलं उपकरण?" मी म्हटलं, "आवाज तपासायचं." त्यांनी नोंदवहीत चढवायला सांगितलं. चढवलं नाही.

काल बाबांनी विचारलं, "मामाचं पत्र आलं का?" मी तुला लिहिते हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. आज पुन्हा विचारलं. सोमवारी त्यांचा शेवटचा दिवस आहे.

माझ्या पत्रात काही लागण्यासारखं लिहिलं गेलं का?

तुझी भाची

•

२८ ऑगस्ट

बाळ,

तुझं पंचवीस तारखेचं पत्र आज मिळालं. आधीच्या पत्राला चार उत्तरं लिहिली आणि फाडली. हे फाडणार नाही.

ती तार मी लावली होती.

त्या दिवशी दाजी एक सुटा भाग आणायला बाजारात गेले होते. त्या सेटचा फ्यूज घातला की उडत होता. दोष कुठे आहे ते बघायला एक मिनिटापुरती मी तार पिळून लावली. असं करू नये, पण सगळेच करतात, आणि लगेच काढतात. दोष सापडला. दुरुस्त केला. सेट सुरेख वाजायला लागला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मी उठून पुढे गेलो. दाजी परत आले, त्यांनी कान लावून ऐकलं, "छान झालाय" म्हणाले, झाकण लावलं आणि नियमाप्रमाणे दोन रेघा ओढल्या.

जळका सेट परत आला तेव्हा दाजींनी झाकणातली आपली निशाणी पाहिली. आत पाहिलंच नाही. मी पाहिलं. मी डावखुरा आहे. तारेला माझ्या हाताचा पीळ उलटा पडतो. दुकानात तसा पीळ दुसऱ्या कोणाचा नव्हता. तुकडा काळा झाला होता, पण पीळ दिसत होता.

गिऱ्हाईक ओरडत होतं. दाजी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, याला जाऊ दे, मग दाजींना सांगू. मग वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी दाजी आले नाहीत. मी दोन दिवस थांबलो, आठवडा थांबलो. जितकं थांबलो तितकं बोलणं जड झालं. पुढे सगळे म्हणायला लागले, दादा किती मोठ्या मनाचा. बहीणही म्हणाली. ते ऐकून घ्यायची मला सवय झाली, आणि तीच सगळ्यात वाईट. तुझ्याही पत्रात तेच वाक्य आलं, आणि मी पेन खाली ठेवलं.

झाकणात जे लिहीत होतो ते दाजींच्या चुकीसाठी नव्हतं.

आणखी एक. मला फोनवर ऐकू येत नाही. समोरचा माणूस मोठ्याने बोलला तर ओठ बघून समजतं. दुकान बंद केलं ते याच कारणाने, वयामुळे नाही. हे मामी सोडून कोणाला सांगितलेलं नाही. फोनवर दाजींशी बोलता येणार नाही, हे कारण मला फार सोयीचं पडलं.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. माझ्याने तोंडावर होणार नाही.

मामा

•

२ सप्टेंबर

मामा,

पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलेलं नाही, आणि दाखवणार नाही.

रागाने लिहीत नाही. राग आला होता, तो दोन दिवसांत खाली बसला. पण हे मी वाचलं तर ते माझ्या आवाजात होईल. बाबा माझ्याकडे बघून मान हलवतील, "बरं" म्हणतील, आणि तू पुन्हा सुटशील. दुसऱ्याच्या नमुन्यावर मी सही करत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांच्या नावाने लिही. पाकीट वेगळं घाल.

मी लिहिलं होतं की ज्याची सही त्याची जबाबदारी, यात दुसरी बाजू नाही. ते वाचताना तुला काय झालं असेल ते आता कळतं. आणि बाबांना तर मी लहानपणापासून नकळत तेच ऐकवत आले. शाळेच्या वहीवर त्यांनी घाईत सही केली की म्हणायची, "न वाचता सही करू नये, बाबा." ते दर वेळी वही परत घेऊन पहिल्यापासून वाचायचे. आज ते आठवलं आणि प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुता धुता डोळे भरून आले.

सोमवारी इमारतीतल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर त्यांनी ते कानाशी धरलं आणि म्हणाले, "जरा मागे पडेल हे." मंगळवारी सकाळी सातला ते सवयीने कपडे करून तयार झाले. मग पुन्हा बदलले.

मी झाकणाबद्दल विचारलं त्या दिवशी त्यांना राग आला नव्हता, असं मला आता वाटतं. तारीख मोजत होते ते. मला वाटतं त्यांना उमगलं आहे. पण ते स्वतःहून म्हणणार नाहीत. तुला तर माहीत आहे.

मामा, तुझ्यावरची माया कमी झालेली नाही. म्हणून सोडत नाहीये.

तुझी टिपणबाई

•

१९ सप्टेंबर

दादांस नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. पोरीने रेघांचा कागद दिला, "मी बघणार नाही" म्हणाली आणि समोरच बसली आहे.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं. मग तुमच्या बहिणीला दिलं. तिने वाचून घडी घातली आणि भांडी घासायला घेतली. जरा जोरात घासली. तुम्हाला ती काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. तयारीने या.

झाकणातलं वाक्य पोरीने सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं. ज्याचा फ्यूज कधी राहिला नाही तो माणूस दर वेळी तसं लिहून ठेवत नाही. पण तुमच्याकडून येण्याची वाट बघत होतो.

एक गोष्ट सांगायची आहे. अठरा वर्षं मी ती तार आठवत होतो. लिफ्टमध्ये एकटा असलो की तेच. कधी लावली, कुठल्या कामासाठी लावली. आठवेना. शेवटी धरून चाललो की आपलं डोकं आता या कामाच्या भरवशाचं नाही. पोरगी लहान असताना गॅस बंद केला का ते रोज तीनदा उठून बघायचो. तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर एवढं झालं नसतं. हे एकदा लिहिलं. पुन्हा काढणार नाही.

झाकण मात्र मीच लावलं होतं. न बघता लावलं. तुम्ही केलेल्या कामात काय बघायचं, असं मला वाटायचं.

सेट परवा घरी आला. पोरीने नीट पारखून घेतला आहे, शिकवलंय चांगलं. स्पीकर कपाटावरून काढले. इस्त्रीचे कपडे आता खुर्चीवर असतात, म्हणून मी जमिनीवर बसतो. दोन दिवस वाजवला. आवाज गोड आहे. फक्त चांगला तापला आणि आवाज अगदी कमी ठेवला की डाव्या बाजूला बारीक चरचर येते. थंड असताना येत नाही. कुठलातरी जोड सुटत असणार. पोरीला ऐकू येत नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. मला येते. साधारण कुठला तेही कळतंय, पण जोडाला कथलाचा डाग द्यायला हात स्थिर राहत नाही आता. तुम्ही दुकान कानांमुळे बंद केलंत, हात अजून चालतो असं पोरगी म्हणते. मी ऐकून बोट दाखवीन, तुम्ही डाग द्या. बोलायची गरज पडणार नाही, त्यामुळे ऐकू येत नाही त्याची काळजी करू नका.

हत्यारांची पिशवी मिळाली. तुमच्या बहिणीने ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. इतकी वर्षं बोलली नाही.

फ्यूज पाहिला. बरोबर आहे.

तुमच्या गोलाखाली मी अजून निशाणी केलेली नाही. झाकण लावलेलं नाही. धूळ बसू नये म्हणून वर फडकं टाकलं आहे. तुम्ही आलात की बघून लावू.